आवाज आधी येतो

३ मार्च २०२५, सोमवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, ज्या आज शेंद्र्याहून टेम्पोत घालून गारखेड्यात आणल्या: दोन मेलेल्या व्हीसीआरमधून उभा केलेला एक जिवंत व्हीसीआर, शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारं, कॅसेटची बुरशी पुसणारं यंत्र, व्होल्टेज धरून ठेवणारा डबा, अकरा केबली, सगळ्या स्वतः सोल्डर केलेल्या. शिकवलं कुणी नाही. कारखान्यात मेंटेनन्सला होतो, बाकी चुकत चुकत आलं.

वरची खोली झकास आहे. उजेड भरपूर, खालून रत्नमालाताईंच्या फोडणीचा वास. ताई निवृत्त नर्स, एकट्याच राहतात. त्यांना एकच कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून हवी: वडील कडूबा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाची, १९९८ ची, तीन तासांची. त्यात आई सत्यभामा गाते. आईचा तेवढाच आवाज उरलाय. शहागंजात हेच काम करणाऱ्या गोकुळनं महिनाभर कॅसेट ठेवली आणि काम असं दिलं की आवाज पुढं, ओठ मागं. म्हणून आता कॅसेट घराबाहेर जाणार नाही. मीच मुक्कामाला आलो. ताई म्हणाल्या, भाऊ, आईच्या तोंडातून आईचा आवाज येऊ द्या, बस्स.

चार दिवसांचं काम.

५ मार्च, बुधवार

लांब रेकॉर्डिंगचं दुखणं साधं असतं. चित्र एका घड्याळावर उतरतं, आवाज दुसऱ्या. दोन्ही किंचित वेगळी चालतात. पाच मिनिटांत कळत नाही, तीन तासांत उघडं पडतं. गोकुळनं सुरुवात जुळवली अन् हात झटकले. मी सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही तपासतो. त्यासाठी खूण लागते. सिनेमावाले पाटी आपटतात. इथं आपली रीतच कामाला आली. वंदना झाली की सगळा मांडव एकदम ‘साधु, साधु, साधु’ म्हणतो. दोनशे माणसांचे ओठ एका क्षणी उघडतात. याहून चोख खूण कुठली?

पहिला साधु बरोबर. शेवटचा, आवाज २.७ सेकंद आधी. दहा हजारांत अडीच भाग ताणला, शेवट जुळला. मग मध्य बिघडला. डोकं फिरलं.

८ मार्च, शनिवार

कॅसेट चार वेळा उतरवली. घोळ चार वेळा वेगळा: २.७, ३.१, ६, ११ सेकंद. यंत्रं दर वेळी असं वागत नसतात. केबली बदलल्या, व्हीसीआरचं हेड पुसलं, कॉम्प्युटर बदलून बघितला. आवाज आधीच. ताई जेवायला हाक मारतात, मी त्यांच्यावरच खेकसलो. बरं केलं नाही.

गोकुळचा फोन आला. ‘बन्सीभाऊ, मला जुळवता आलं नाय असं नाय. जुळवायचं नव्हतं.’ एवढं बोलून ठेवला. काम न येणाऱ्याची हीच भाषा असते.

९ मार्च, रविवार

चित्र संपलं, निळा पडदा आला, आणि आवाज चालूच. माईक तपासला, जोडलेलाच नव्हता. आवाजात कप फुटला. मग ताई: ‘राहू द्या भाऊ, पायाला लागंल.’

हे सकाळी नऊला ऐकलं. संध्याकाळी सहाला माझ्या हातातून कप सुटला. ताई तेच बोलल्या, त्याच सुरात.

फरक नऊ तास. वहीत नोंद केली. फरक म्हटला की तो मोजता येतो.

१० मार्च, सोमवार

मध्य सुधारला, तीन फ्रेमांवर आला. निळ्या पडद्यावर आज माझाच खोकला. चाळीस मिनिटांनी खरंच खोकलो. गाणं जितकं जुळतं, तितकं ते पुढं घडणारं जवळ येतंय.

खोकल्यानंतर – मांडव. माईकवर कुणीतरी: ‘कालकथित बन्सी यांना आदरांजली.’

आमच्यात ‘कालकथित’ हा शब्द मेलेल्याच्याच नावापुढं लावतात.

मग ताई, रडत: ‘मी म्हटलं होतं त्यांना, नका जुळवू. एवढे पैसे देत होते –’ आकडा ऐकू येत नाही, तिथं आवाज घासलाय. मग साधु, साधु, साधु.

ताईंना ऐकवलं. त्या खाली गेल्या.

११ मार्च, मंगळवार, दुपार

एक फ्रेम उरली. चाळीस मिलिसेकंद. कुणाला कळायचं नाही. मला कळतं.

जावं इथून? गोकुळ शहागंजभर सांगेल –

खुर्ची करकरली, आधी स्पीकरमध्ये, मग माझी. दोन सेकंद.

ताई जिन्यात उभ्या. ‘भाऊ, आई हाय तशी राहू द्या. मागं-पुढं का होईना, ऐकू येतीय ना. तुम्ही जा. पेन्शनीतले हायत, तेवढे घ्या.’ त्यांनी आकडा सांगितला.

नाही म्हटलं. अर्धवट काम माझ्या हातून –

माझं ‘नाही’ पण आधी तिकडून आलं.

शेवटची फ्रेम सरकवली. सत्यभामाबाईंचे ओठ, आवाज – एक. चोख. असं कुणाला –

मांडव. स्पीकरमधून नाही, खोलीत. घासलेली जागाही आता साफ. ताईंचा आकडा स्पष्ट ऐकू येतोय, मी आत्ताच नाकारला तोच, काम सोडून जायचे एक्कावन्न हजार –