पायी पॅरिस, दुधाविना

२७ फेब्रुवारी ५५, पॅरिस
रविवार, सुट्टी. सकाळी आठला निघालेलो, पाचला परत. नदीच्या कडेकडेने सगळं पायी. नॉत्र दामचं चर्च बघितलं. टॉवर खालूनच. शहर देखणं आहे, नाही कशाला म्हणू, पण दर दहा पावलांवर खायचं दुकान आणि प्रत्येक दुकानातून चरबीचा वास. एका दुकानावर सोनेरी घोड्याचं डोकं लावलेलं. मला वाटलं खोगिरं विकत असतील. आत घोडाच टांगलेला, सोललेला. नदीच्या कठड्यापर्यंत कसाबसा पोचलो नि ओकलो.
जेवण: कोरडा पाव, दोन संत्री, शेंगदाणे. शेंगदाणे ठाण्याहून आणलेले, संपत आले.

२८ फेब्रु.
कर्णिक सगळं खातो. आमच्याच ठाण्याच्या कारखान्यातला, कापडछपाईचं नवं यंत्र शिकायला दोन महिने आम्हा दोघांना इथे पाठवलंय. आज त्याने गोगलगायी खाल्ल्या. टाचणीने ओढायची, तोंडात टाकायची, बोटं चाटायची. शी. वर मलाच म्हणतो, "मटण नको ते समजलं रे. दुधाने तुझं काय घोडं मारलंय?"
त्याला काय सांगू. कल्याणला बाबांचा म्हशींचा तबेला. रेडकू मेलं की त्याचं कातडं काढायचं, आत पेंढा भरायचा, नि म्हशीपुढे उभं करायचं. ती चाटत बसते, पान्हा सोडते, इकडे बादली भरते. ते पेंढ्याचं रेडकू धरून उभं राहायचं काम माझं. सकाळ-संध्याकाळ. अंगाला वास यायचा, शाळेत शेजारी कुणी बसायचं नाही. सोळाव्या वर्षी भरली बादली लाथाडली नि घर सोडलं. अकरा वर्षं झाली. दूध नाही, दही नाही, तूप नाही, चहा कोरा. लग्नाआधी सुमनकडून कबूल करून घेतलेलं, घरात दुधाचं भांडं येणार नाही.

२ मार्च
घरमालकीणबाईंनी उकडलेले बटाटे दिले, वर लोण्याचा गोळा. नको म्हणालो. त्यांनी चमच्याने लोणी उचललं नि तेच बटाटे पुन्हा पुढे सरकवले. क.ने समजावलं तर बाई म्हणे, दूध कुठे घातलंय, लोणी आहे ते. उठलो. उपाशीच टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चपर्यंत चालत गेलो. पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी, दोनदा बसलो. वरून अख्खं पॅरिस दिसतं. धुराडी मोजली, प्रत्येकाखाली कुणीतरी काहीतरी तळतंय. उतरलो.

५ मार्च
सु.चं पत्र. पोरगी दीड महिन्याची, दोघी डोंबिवलीला माहेरी आहेत. सु.ला ताप येऊन गेला, तिचं दूध आटलं. पोरीचं वजन उतरलं, रडायचंही त्राण नाही. डॉक्टर म्हणाले वरचं दूध द्या, पाणी घालून. आणि रोज एकाच जनावराचं. बदललं तर सोसणार नाही.
पुढे लिहिलंय, "तुम्हाला विचारत नाही, कळवतेय. तुमच्या बाबांना निरोप धाडला, दुसऱ्या सकाळी माणूस दुधाची चरवी घेऊन दारात हजर. मी घेतली. शब्द मोडला म्हणा हवं तर."
वाचून हायसं वाटलं. लगेच तो वास आठवला. त्याच तबेल्यातलं. मग स्वतःचीच किळस आली, पोर सुकत चाललंय नि मी इथे आपला नेम कुरवाळत बसलोय.

६ मार्च
रविवार. मोठ्या बाजारातून चाललो, रस्ता चुकून. खाटकाच्या काचेमागे वासरांची डोकी ओळीने मांडलेली. सोललेली, पांढरीफटक, डोळे मिटलेले, नाकपुड्यांत हिरवा पाला खोचलेला. लोक थांबून भाव विचारत होते. एक बाई कडेवरच्या मुलाला नीट दिसावं म्हणून वर उचलत होती.
तिथेच उभा राहिलो बराच वेळ. ही माणसं वासराला मारतात, खातात, मोकळी होतात. आम्ही आईला फसवतो, दिवसातून दोनदा. घाण कुणाची जास्त, ते ठरेना. पाव घेतलेला तो खाल्ला नाही.

१२ मार्च
सु.चं दुसरं पत्र. पोरीने बाळसं धरलंय, बघून हसते म्हणे. मग हे, जसंच्या तसं उतरवतो:
"लपवून ठेवायचं नाही म्हणून लिहिते. ज्या म्हशीचं दूध येतं तिचं रेडकू गेल्या महिन्यात गेलं. पुढचं तुम्हाला ठाऊक. तुमचे बाबा स्वतः येऊन सांगून गेले. ओटीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, 'त्याला ईचार. नको बोलला तं त्याच दिवशी पेंढ्याचं रेडकू जालून टाकतो. म्हैस आटंल तं आटंल, दुसरी बघू.' मध्ये दोन दिवस दुसरीचं देऊन पाहिलं. पोरीने सगळं ओकून टाकलं, जुलाब झाले. मी त्यांना काय सांगू? ते तुमच्या शब्दासाठी थांबलेत."
अकरा वर्षांत बाबांनी मला एक गोष्ट विचारली. ती ही.

१३ मार्च
दिवसभर चाललो. कुठून कुठे, माहीत नाही. एक पूल दोनदा ओलांडला. 'जाळा' म्हणून लिहावं. पोरं पचवायला शिकतात हळूहळू. नाही पचवलं तर? पुढचा विचार करवत नाही.
संध्याकाळी क.ला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तो म्हणाला, "अरे, तुला कोण पी म्हणतंय? पोरीला पाहिजे."
मी म्हटलं, "पण धरून उभं राहायला कुणीतरी लागतंच ना रे. आता कुणाचा पोरगा धरत असेल?"
त्याने ताटातलं मटण बाजूला सारलं नि थोड्या वेळाने परत ओढून खाल्लं.

१४ मार्च
बाबांना पत्र लिहिलं. घर सोडल्यापासून पहिलं. 'तीर्थरूप बाबांस' लिहायलाच अर्धा तास गेला. क्षेमकुशल काही नाही. खाली एवढंच:
'पेंढा ओला राहू देऊ नका. दर आठ दिवसांनी बदला, कातड्याला आतून मीठ चोळा. वास बदलला की म्हैस ओळखते.'
वाचून बघितलं. अक्षर माझंच आहे. दोनदा हात धुतले, साबणाने. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. कोपऱ्यावरची टपालपेटी साडेपाचला उघडतात. आता पाच वाजून गेले.