लाडकीच्या मांडवातला धवला

बोईसर, मार्च १९६७

दामूदादास जमनाचा नमस्कार,

तुझ्या लेकीच्या, लाडकीच्या लग्नाचे धवले गायला तू माझ्याऐवजी गोदूबाईला सांगितलंस, हे वहिनीकडून कळलं. "जमनाच्या कानात बाहेरचं शिरलंय, ती मांडवात नको आमाला," असं म्हणालास म्हणे.

दादा, खडक फोडायच्या कामावर मी पाट्या वाहत होते. एकदा सुरुंग अगदी जवळ उडाला आणि तेव्हापासून कानात शिटी वाजतेय. तुझ्या भगताने कोंबडं घेतलं, तरी ती गेली नाही. म्हणून मी मुंबईच्या इस्पितळात गेले. तिथे माझ्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि यंत्राच्या सुया कागदावर मेंदूच्या रेघा काढू लागल्या. मला वाटलं, भूत असेल तर आता दिसेल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता वाजतंय?"

"वाजतंय तर."

कागद बघत त्या म्हणाल्या, "कानाला कमी ऐकू आलं की मेंदू आपणच आवाज करत असावा. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही. पण हे भूत नव्हे."

"मग मी धवले गाऊ काय?"

"गाऊन बघा."

तारा डोक्याला असतानाच मी गायले. सुया सैरावैरा धावल्या, बाई हसल्या. शिटी थांबली नाही, पण माझा सूरही हलला नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण तू उलट टपाली "येऊ नको" कळवशील. हे हातात घेऊन मी हळदीलाच येते. मांडवात सगळ्यांदेखत मला उठवायचं असेल, तर तू स्वतः उठव.

तुझी धाकटी बहीण,
जमना