हातोडा पडल्यानंतर

प्रिय सोलेन,

जे पत्र मला मिळालंच नाही, ते मला केवढ्याला पडलं ते सांगतो: पॅरिसचं जाण्यायेण्याचं तिकीट, गळा आवळणारा नवा टाय आणि तुझ्या आईची एक अख्खी दुपार. ती माझी वाट बघत खिडकीपाशी बसून होती. आता तिला दिसत काहीच नाही, तरी खिडकीपाशीच.

आपल्या लेखकमहाशयांनी दीडशे वर्षांपूर्वी इथल्या, रुआँमधल्या, एका धोबिणीला लिहिलेली पत्रं आम्ही जन्मभर गोळा केली. पैसे मी मोजायचे, वाचून ओदिलनं दाखवायचं, असा आमचा संसार. शेवटचं पत्र तेवढं हाती लागत नव्हतं. तो तिच्याकडे परत आला की नाही हे त्यातच असणार, असं तुझी आई म्हणते. ते गेल्या महिन्यात पॅरिसला लिलावात आलं. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं माझे हात बघून विचारलं, "छपरांची कामं करता वाटतं? मग हा नाद कुठून लागला?" मी म्हटलं, "मिस्यू, हे अक्षर माझ्याइतकं ओळखणारा अख्ख्या नॉर्मंडीत दुसरा दाखवा!" हातोडा माझ्याच बोलीवर पडला. मी टाय सैल करतोय, तोच मागून एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सरकार आपला पहिला हक्क बजावतंय." बोली माझी, भाव माझा आणि पत्र सरकारी ग्रंथालयाचं! वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा कानाशी लागला, "अभिनंदन, देशासाठी छान खरेदी केलीत." भांडायचं कुणाशी? कायदाच तसा.

लिलावाच्या पुस्तिकेत पत्राचा पूर्ण फोटो आहे, तेवढा घेऊन घरी आलो. ओदिल हसली. "अरे वेड्या, मग कागद हवाय कुणाला? वाच की!"

तेव्हापासून मी भिंग घेऊन बसतो. ती रोज विचारते, "लागलं का काही?" मी म्हणतो, "लागतंय, लागतंय." परक्याच्या तोंडून तिला ऐकायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, सफरचंदाला मोहोर येईपर्यंत ती राहील याचाही भरवसा नाही. लहानपणी तुला मांडीवर घेऊन तिनं हे अक्षर लावायला शिकवलं होतं. आपलं बिनसलंय ते राहू दे. हवं तर माझ्याशी बोलू नकोस, पण ये. ते अक्षर मी लांबूनही ओळखतो, सोलेन. वाचता मात्र मला त्यातली एक ओळ येत नाही.

तुझाच,
पपा