बिनखाड्याची मावशी

सोमवार, ४ तारीख
लागली एकदाची नोकरी! एजन्सीमार्फत का होईना. ताईच्या खोलीवर नुसतं बसून खायची लाज वाटायला लागली होती. काम धुलाई कारखान्यात, इस्पितळांच्या चादरींच्या घड्या घालायचं. इस्त्रीच्या रुळांतून चादर कडक गरम बाहेर येते. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, चालत जवळ यायचं, हाताला हात लागला की घडी पडली. माझी जोडीदारीण वयस्कर, सगळेच तिला मावशी म्हणतात. म्हणाली, चादर आणि नवरा, ताणून धरले तरच सरळ राहतात. हसता हसता माझं टोकच सुटलं.

मुकादमानं नियम सांगितले. कळवून असो की न कळवता, दांडी ती दांडी. उशीर झाला तरी खाडाच. तीन खाडे झाले की एजन्सी काढून टाकते, मग कुठल्याच कामावर पाठवत नाही. मावशीचा म्हणे इतक्या वर्षांत एकही खाडा नाही.

मंगळवार, १२
काल तापानं फणफणले, घरी राहिले. खाडा. आज अंगात ताप असताना गेले, तर उशीर झाला म्हणून फाटकातूनच परत. दुसरा खाडा. आता जपून.

शुक्रवार, १५
मावशीला खोकला, धाप लागलेली. मी म्हटलं, घरी जा. ती मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, जा की, पण खाडा धरीन. परत आली आणि मुकाट्यानं टोक उचललं.

शनिवार, १६
मावशी आज अवाक्षर बोलली नाही. खोकलाही नाही. बरं वाटलं जरा. पण तिचे हात! चादर भाजेल इतकी गरम आणि बोटं ओल्या फरशीसारखी गार.

सोमवार, १८
दुपारी फाटकावर मावशीची लेक आली. डोळे सुजलेले. म्हणाली, आई शनिवारी पहाटेच गेली, धावपळीत कळवायचं राहिलं.

मी मागं वळून पाहिलं. मावशी यंत्रापाशी दोन टोकं धरून माझी वाट बघत उभी होती. लेकीनंही तिकडं पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही.

मुकादमाला सांगितलं. त्यानं मानही वर केली नाही. म्हणाला, कामावर येतेय ना? मग खाडा कसा लावू?

मंगळवार, १९
ताई म्हणते, ताप डोक्यात गेलाय तुझ्या. तिसरा खाडा झाला तर माझ्या एकटीच्या पगारात दोघींनी खायचं काय?

गेले. प्रत्येक घडीला हाताला हात लागतो. प्रत्येक घडीला.

बुधवार, २०
धीर केला. म्हटलं, मावशी, जा आता, तुला कोण खाडा लावणार?

ती बोलली. मग तुझ्यासमोर कोण उभं राहील गं, म्हणाली. किती मायेनं. त्या मायेचीच भीती—

गुरुवार, २१
गेले नाही. लागू दे तिसरा. ताई कामावर. दार लावून बसलेय. बाहेर लख्ख ऊन आहे.

जिन्यात पावलं.

हाक मारतेय. ऊठ गं बाई, उशीर होईल, खाडा लागेल तुला—

ओ द्यायची नाही.

दाराखालून चादर आत सरकतेय. वाफाळती. दोन टोकं, माझ्या पायांशी—

मी नाही धरणार. पण हात— नुसत्या सवयीनं हात पुढं—