भिजत न घातलेले कागद

प्रिय चिमे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कागद आपल्याच हातचा आहे, खळ न लावलेला, त्यामुळे शाई फुटतेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. नणंद-भावजयीच्या भांडणात मी पडणार नाही, असं तुझा दादा म्हणतो आणि दिवसभर तोंड पाडून बसतो. भांडायला तरी दोघी लागतात, हे त्याला कोण सांगणार?

गॅरेजमधलं काम चालू आहे. शिंप्याकडून सुती चिंध्यांची पोती आली, त्या कुटून झाल्या, लगदाही मऊसूत उतरलाय. पण लगदा घोळलेल्या पाण्यातून मोठी जाळीची चौकट माझ्या एकटीच्याने उचलवत नाही. शेजारच्या गवंडीदादांना दुसऱ्या टोकाला उभं केलं. माणूस ताकदीचा, पण चौकट पाण्याबाहेर आली की तंतू सारखे पसरायला ती हलवायच्या आधी मला विचारतात, आता हलवू का. तोवर तंतू बसून गेलेले असतात. तुला मला कधी सांगावं लागलं नाही. मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस, आणि पहिला कागद आपण तुझ्या दादाच्या फाटक्या शर्टांचा केला. त्याने चांगला शर्टही त्यातच गेला म्हणून केवढं आकांडतांडव केलं होतं.

मागच्या हिवाळ्यात तुझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशीही तू कामाला आलीस. तुझ्या बाजूने तंतू लाटालाटांनी बसायचे. मी तिकडे बघायचं टाळायचे, तू म्हणायचीस कागदाला थंडी वाजतेय, आणि आपण दोघी हसायचो. मग एक दिवस ॲप्रन खुंटीला अडकवून तू गेलीस ती गेलीसच.

तू गेल्यावर ते कागद मी दोरीवर टांगले आणि मागे दिवा लावला, तर तुझ्या त्या लाटा उजळून दिसल्या. चिमे, मला रडू आलं. इतकी वर्षं आपण लगद्यात दोरे घातले, पानं दाबली, गंजके खिळे ठेवले, पण असं काही आपल्या हातून कधी उतरलं नव्हतं. कलादालनाच्या बाई बघायला आल्या, ही कुठली पद्धत म्हणून विचारत राहिल्या. मी चहा पुढे केला. ते सांगणं माझं नव्हतं. त्यांना ते प्रदर्शनात हवे होते, म्हणून तुला निरोप धाडला, आणि तुझ्या लेकीच्या तोंडी उत्तर आलं, "वहिनीला सांग, माझं दुखणं भिंतीवर टांगायचं नाही. सगळे कागद भिजत घालायचे."

बाईंना मी 'नाही' म्हणून कळवलंय. तो शब्द तुझाच चालणार. काल हौद भरला, पहिला कागद हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. रात्रभरात त्यांचा पुन्हा लगदा होईल, आणि मग तुला इथे यायला काही कारणच उरणार नाही, याची मला भीती वाटली. म्हणून हे लिहितेय. भिजवायचेच असतील तर तू ये आणि तुझ्या हाताने भिजव. मग त्याच लगद्याचा एक कागद आपण दोघी उचलू. हात थरथरतो तसा थरथरू दे. तो कागद आपण कुणालाच दाखवायचा नाही.

तुझीच,
वहिनी