फॉर्मवरची एक चौकट

प्रिय अप्पा,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल. माझंच आहे. तुमचा जोहोरचा पत्ता पिळ्ळै अंकलनी दिला. पुलापलीकडच्या देशात भाडं कमी म्हणून तुम्ही तिकडे गेलात, कोणावर रागावून नाही, असं त्यांनी तीनदा बजावलं. तुमचा गुडघा दुखतो आणि तरी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, हेही त्यांनीच सांगितलं. फोन करता आला असता. पण फोनवर मी सगळं दोन वाक्यांत उरकलं असतं, आणि तुम्ही एकात.

आधी आईबद्दल लिहिते. तिला काचबिंदू झालाय. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. मागच्या महिन्यात तिने नूडल्समध्ये सोया सॉस समजून भांडी घासायचा साबण ओतला आणि सगळा दोष दुकानदाराला दिला. तेव्हा आम्ही हसलो. मग जूनमध्ये शेगडीवर तिची बाही पेटली. शेजारच्या फौजिया आंटीने धावत येऊन ओला टॉवेल टाकला म्हणून हातावर निभावलं. मी राहते जुरोंगला, दोन गाड्या बदलून सव्वा तास. एकत्र राहूनही पाहिलं. तीन आठवडे टिकलो. चौथ्या आठवड्यात तिनेच माझी बॅग दाराबाहेर ठेवली. जुरोंगला ती येणार नाही. अडतीस वर्षं ज्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, तिथे तिला डोळे लागत नाहीत, असं म्हणते. खरंही असेल.

म्हणून पिळ्ळै अंकलचं घर विकत घ्यायचंय. आई आठव्या मजल्यावर, ते सहाव्या. ते मुलाकडे पर्थला निघालेत आणि आठ महिने गिऱ्हाईक शोधतायत. घर बघायला लोक येतात, खिडकीतून वारा बघून खूश होतात, मग वंश लिहिलेलं ओळखीचं कार्ड निघतं आणि विषय संपतो. सगळे वंश मिसळून राहावेत म्हणून सरकारने ठरवलेला चिनी लोकांच्या घरांचा वाटा आमच्या इमारतीत भरलाय, तेव्हा अंकलना चिनी माणसाला घर विकता येत नाही. आणि माझ्या कार्डावर चिनी लिहिलंय. अंकल त्यावर काय म्हणाले माहिताय? "तू तर आमच्याच संघात होतीस ना गं? मग मध्यांतरात बाजू कशाला बदललीस?" मी हसले. दुसऱ्या दिवशी घरवाटपाच्या कचेरीत गेले.

कचेरीत काउंटरवरच्या मुलीने शांतपणे समजावलं. आपल्याकडे सगळेच किती छान समजावतात, कोणावर चिडायची सोयच ठेवत नाहीत. नियम वाईट आहे असंही मला म्हणता येत नाही. तो नसता तर फौजिया आंटी एका टोकाला राहिल्या असत्या, आई दुसऱ्या टोकाला, आणि त्या दिवशी ओला टॉवेल घेऊन कोण आलं असतं? पण ज्या नियमाने तिला वाचवलं तोच आता मला तिच्यापासून दोन मजले लांब राहू देत नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो, असं अंकल म्हणालेत. त्यानंतर घर दलालाच्या हाती.

मार्ग एकच आहे: कार्डावर पुन्हा तुमचा वंश लावून घ्यायचा. वंश एकदा एकवीस वर्षांच्या आत बदलता येतो आणि एकदा नंतर. माझी दुसरी खेप शिल्लक आहे.

पहिल्या खेपेबद्दल तुमच्याशी कधी बोलले नाही. सगळ्यांना वाटतं, तुम्ही घर सोडलंत त्या रागाने मी विसाव्या वर्षी तुमचं नाव आणि तुमचा वंश दोन्ही टाकून दिले. मीही तसंच वाटू दिलं. राग होता, पण अप्पा, राग अकरा वर्षांची असताना होता. विसाव्या वर्षी मी खोली शोधत होते. फोनवर घरमालकीण माझं चिनी ऐकून खूश व्हायची, आणि प्रत्यक्ष कार्ड पाहिलं की खोली तासाभरापूर्वीच गेलेली असायची. चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी आईकडून सही घेतली, तिचा चिनी वंश लावला आणि लिम हुई मिन झाले. खोली मिळाली. पुढे नोकरीही. तुम्ही ज्या गोदीत जहाजं जोडलीत तिथे आता श्रीमंतांचे मनोरे आहेत, आणि मी अशाच एका मनोऱ्यात बसून जहाजांचे विमे करते. म्हणजे तेव्हा सोय पाहिली, आणि आताही सोयच पाहतेय. फक्त या वेळी ती आईच्या डोळ्यांसाठी आहे, एवढंच स्वतःला सांगते.

अजून एक सांगायचंय. माझ्या पदवीदानाला तुम्ही आला होतात. मी पाहिलं होतं. रांगेत उभी असताना मागून तिसऱ्या ओळीत तुमचा तो तपकिरी शर्ट दिसला. तुम्ही मांडीवरच्या पुस्तिकेत बोट फिरवत नाव शोधत होतात. माझं नवं नाव पुकारलं गेलं, मी मंचावर गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुमचं बोट तसंच खाली सरकत राहिलं. तुम्ही मान वर केलीच नाहीत. शेवटचं नाव झाल्यावरही तुम्ही थोडा वेळ बसून होतात. मी मागच्या दाराने मैत्रिणींबरोबर जेवायला गेले. एकोणीस वर्षं झाली. तुम्ही ती पुस्तिका ठेवलीत की नाही, मला माहीत नाही.

हे मी आईला मागच्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितलं. त्याआधी अर्जाचं ऐकून ती म्हणाली होती, "चला, तुझ्या बापाचा कशालातरी उपयोग झाला." पण पदवीदानाचं ऐकल्यावर तिने सुरी खाली ठेवली, चाचपडत ओटा पुसला. मग म्हणाली, "आधी त्याला विचार. तेव्हा सही मी केली आणि त्याला विचारलं नाही. न विचारता दुसऱ्यांदा नाही. तो नको म्हणाला तर मी आंधळी राहीन आठव्या मजल्यावर, मरत नाही लगेच."

म्हणून हे पत्र. अर्ज भरून माझ्यासमोर ठेवलाय, एक चौकट सोडून. कार्डावर आपल्या लिपीत नाव हवं असेल तर तिथे लिहायचं असतं. शाळेत दहा वर्षं तमिळ शिकले, मार्क तुम्हाला आठवत असतील. माझ्या नावातलं कयल एवढं येतं. पुढे विळी लिहिताना हात थांबतो. फोनवर शोधलं तर लगेच सापडेल, पण मला ते तिथून घ्यायचं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही समजावायला येणार नाही, तो हक्क मी केव्हाच सोडलाय. उत्तर लिहायचं नसेल तरी चालेल. होकार असेल तर फक्त एका कागदावर माझं नाव पूर्ण लिहून पाठवा, जरा मोठ्या अक्षरात. मला ते गिरवावं लागेल.

तुमचीच,
कयल