उपरण्याखालचा सौदा

॥ श्री ॥

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १७८६

तीर्थस्वरूप मैनाअक्का हिला धाकट्या खुशालचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळी सुखरूप आहोत, तूर वाळते आहे, म्हैस व्यायली, पारडी झाली. महादेवराव भाऊजी हे पत्र तुला वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. भाऊजी, सावकाश वाचा. कापसाच्या गाठींवरचे छाप वाचत शिकलेलं अक्षर आहे, कोण्या पंतोजीची छडी न खाता. पण बापूसाहेब वकीलसुद्धा त्यात खोट काढू शकत नाहीत.

अक्का, आमचा चंद्रभान पुण्यास जायचा आहे हे तुला ठाऊकच आहे. बापूसाहेबांच्या भावाच्या घरी राहायचं, वर्षभर इंग्रजीची तयारी करायची, प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग कॉलेज. नत्थुजीच्या कापसाच्या गाड्यांबरोबर तो परवा तुझ्याकडे मुक्कामाला यायचा होता, आणि तिथून पुढे आगगाडीपर्यंत. गाड्या आल्या असतील. तो आला नाही. कारण पेटी.

पेटी सागवानी, सांधे उत्तम. हल्ली इथे खरेदी करणं म्हणजे वाघाच्या तोंडचा घास काढणं झालं आहे. कापसानं लोकांना असा पैसा दाखवला की बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवून राहिलेत, आणि दुकानदार कापूसवाल्याची पगडी दिसली की दुप्पट सांगतो. म्हणून मी ठिगळाची बंडी घालून, बोडक्यानं गेलो. तरी तांब्याभांड्यांचा कासार म्हणाला, "या खुशालराव!" मी म्हटलं, ओळखलं कसं? तर म्हणाला, "तुमी आल्याबरोबर माह्या गादीतला कापूस उपसून पाहून राहिले ना!" सवय आहे. भाव मात्र मी बरोबर पाडला.

तर पेटी घरी आणली, उघडली आणि करकरली. बिजागरी बरोबर बसली नव्हती. अशी पेटी परक्या घरात उघडायची म्हणजे घरभर कळणार, वऱ्हाडातलं पोरगं काय काढून राहिलं. ती परत केली. मग तांब्याचं बूड डुगडुगलं, तो बदलला. तोवर गाड्या गेल्या. रुख्मिणी म्हणते, "पोरगा शिकाले चालला का तुमी त्याची वरात काढून राहिले?" बायकांना मालाची पारख नसते.

बापूसाहेब म्हणतात, पौष लागायच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर वर्गात जागा मिळायची नाही, वर्ष जाईल. अजून वेळ आहे. नत्थुजीच्या पुढच्या खेपेला तो निघेल.

आणि अक्का, तुझ्याकडे आला की त्याला लगेच सोडू नकोस. आठ-पंधरा दिवस ठेवून घे. पोरगा सुकला आहे. जुन्या शहरात तुझं घर, समोर मोर्णा नदी, तुझ्या हातची ज्वारीची भाकर, जीव लागेल त्याचा. पुण्याचं काय, पुणं कुठे पळून जात नाही.

मागच्या पोळ्याला तू मला सगळ्यांपुढे बोललीस, "खुशाल, तोंडानं कॉलेज कॉलेज करतं, पण पोराले धाडणं तुह्याच्यानं होत नाही." त्याचं उत्तर म्हणून हे सविस्तर लिहिलं.

तुझा खुशाल


॥ श्री ॥

अमरावती, मार्गशीर्ष वद्य ४

तीर्थस्वरूप मैनाअक्का हिला नमस्कार. नत्थुजी बैलांना पाणी दाखवतो आहे, तेवढ्यात लिहितो. हे पत्र चंद्रभानच आणतो आहे. भाऊजी, वाचायच्या आधी पोराला मोर्णेवर आंघोळीला धाडा.

आज सकाळी गाड्या दारात उभ्या होत्या. पेटी गाडीवर चढली होती. मी त्याची नवी रजई उसवली. रुई मीच निवडून दिली होती, लांब धाग्याची, बनी जातीची, पिंजाऱ्याजवळ उभं राहून पिंजून घेतली होती. तरी आज हाताला वाटलं की आत आखूड धागा मिसळला आहे. म्हटलं, ही पुन्हा पिंजली पाहिजे, गाड्या जाऊ द्या.

रुख्मिणी कमरेला हात लावून म्हणाली, "आता नत्थुजीच्या बैलाच्या दातात खोट काढा, म्हंजे झालं!"

नत्थुजी हसला. चंद्रभान हसला नाही. तो माझ्यासमोर ओट्यावर मांडी घालून बसला, खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं, आणि खाली आपला हात घातला.

तुला बाजारातली रीत ठाऊक आहे. तोंडानं भाव बोलायचा नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी धरली तितका भाव. पटलं तर अंगठा दाबायचा. एकदा अंगठा दाबला की सौदा झाला; त्यावर फिरणारा दलाल पुन्हा बाजारात उभा राहत नाही. लहानपणी हे पोरगं माझ्या मांडीवर बसून हाच खेळ खेळायचं, चिंचोके विकायचं मला.

मी म्हटलं, "काय विकून राहिला बे?"

तो म्हणाला, "महिने. किती महिन्यानं घरी यायचं, ते ठरवू. मग रजई शिवा, बा."

मी त्याची बोटं धरली, थोडी. त्यानं मान हलवली, माझी धरली, पुष्कळ. मी हात काढून घेतला असता. पण ओट्याभोवती गाडीवान जमले होते, आणि खुशालराव दलाल सौद्यातून उठला असं आजवर कोणी पाहिलेलं नाही. पुन्हा धरली. तो एक बोट उतरला, मी एक चढलो. चेहरा कसा दगडासारखा ठेवला होता त्यानं! माझ्याच हाताखाली शिकला आहे. पण तळहात घामानं ओला होता, अक्का. तोही भीत होता. जायला भीत होता, तरी मागत होता.

मी अंगठा दाबला.

नत्थुजी ओरडला, "झाला सौदा! भरा रे!" रुख्मिणी मघापासून पाठीशी उभी आहे, विचारून राहिली, "सांगा ना, किती?" मी म्हटलं, "दलाल आकडा सांगत नसते." तूही विचारू नकोस. कुठल्या सणाला पुरण जास्त शिजवायचं, ते वेळ आली की सांगेन. रागारागानं रजई रुख्मिणीनंच शिवली, टाके मोठे पडले आहेत. मी तशीच घडी घालून गाडीवर ठेवली.

मागच्या पत्रातली विनंती परत घेतो. त्याला एकच रात्र ठेव. सकाळी बैल जुंपले की अडवू नकोस. रडू आलं तर गाडी वळणाआड गेल्यावर रड; मीही तसंच करणार आहे.

बदलून आणलेली पेटीही करकरतेच. पहिलीतही खोट नव्हती. तेलाचा एक थेंब पुरला असता, आणि तेल घरात होतं. माझ्याच्यानं घालवलं नाही. तू घाल.

सौद्याला बांधलेला
तुझा धाकटा खुशाल